आईच्या डोळ्यामागे गाठ : ट्यूमर की बुरशी? नाकातून तुकडा काढू द्यावा का?

आर्वीचा_दुकानदार :

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. गावात माझं बी-बियाणं, खताचं छोटं दुकान आहे. आईबद्दल विचारायचं आहे. वय ५२. साखर नाही, बीपी नाही. दवाखान्यात ती आजवर मुक्कामाला राहिली ती फक्त आम्हा दोघा भावंडांच्या वेळी.

दिवाळीच्या सुमारास कापूस वेचायला गेली की तिचं डावं कपाळ आणि डोळ्याच्या मागे ठणकायचं. ऊन लागलं असेल म्हणून आम्ही मनावर घेतलं नाही. मग डावा गाल बधिर झाला. "हात लावला तर दुसऱ्याच बाईचा गाल वाटते" असं म्हणायची आणि आम्ही हसायचो. डिसेंबरात तिला एकाचे दोन दिसायला लागले, पापणी अर्धी खाली आली. वर्ध्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा चांगला आहे, भानगड मागे आहे. एमआरआय करायला लावला.

रिपोर्टात लिहिलंय : डाव्या स्फेनॉइड सायनसमध्ये गाठ, ती कॅव्हर्नस सायनसपर्यंत गेलेली, मधल्या हाडाची झीज, मेनिन्जिओमा (म्हणजे मेंदूच्या आवरणाचा ट्यूमर) असण्याची शक्यता, बुरशीजन्य आजार वगळावा. या शेवटच्या तीन शब्दांनी आमची झोप उडवली आहे.

नागपूरच्या एका डॉक्टरांचं म्हणणं, कवटी उघडून गाठ काढावी लागेल. दुसरे म्हणतात, आधी नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढू, मग बोलू. मधल्या काळात आमच्या जवळच्या डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. आठ दिवस आई इतकी बरी होती की संक्रांतीचे तीळ तिनेच भाजले. गोळ्या संपल्या आणि दुखणं दुप्पट झालं. आता पापणी जवळजवळ बंद आहे.

मामा म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते, हात लावू देऊ नका. शेजारच्या काकांचा डोळा २०२१ साली काळ्या बुरशीत काढावा लागला होता, म्हणून "बुरशी" शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. बुरशी हाड कशी खाईल? आणि आई माझ्या चार वर्षांच्या मुलीला कुशीत घेऊन झोपते, तिला काही होणार नाही ना? कोणाच्या घरात असं झालं असेल तर कृपया सांगा.

कडूनिंब_वाले_बाबा :

भाऊ, घाबरू नका. आमच्या इकडं एक बुवा हाय, तुरटी अन् लसणाच्या पाण्यानं नाक धुवाले देते. आमच्या साल्याचं सायनस दोन महिन्यात साफ झालं. कापाकापी कराले डॉक्टर लोक टपूनच रायतात. एकदा जाऊन पहा, पैसे बी घेत नाई तो.

डवरणीवाला_दिग्रस :

कडूनिंबवाले बाबा, तुमच्या साल्याचं नाक चोंदलं होतं. या पोराच्या आईची पापणी पडली आहे. सर्दीनं पापणी पडत नसते राजेहो.

दादा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. एकाचे दोन दिसणं, पापणी, स्टेरॉइडनं थोडे दिवस बरं वाटणं, मेनिन्जिओमा... माझीच फाईल कोणी उघडून वाचतंय असं वाटलं. मी डॉक्टर नाही. दिग्रसकडे साडेसात एकर कोरडवाहू आहे, कपाशी आणि तूर करतो. पण या आजारानं मला जेवढं शिकवलं तेवढं शाळेनं शिकवलं नाही, फी पण तशीच घेतली. लांब लिहितो, सवड काढून वाच.

२०२२ चा जुलै. कपाशीत डवरणी, म्हणजे बैलांनी ओळींमधलं तण काढणं, चालू होती. मला एका तासाचे, म्हणजे पिकाच्या ओळीचे, दोन तास दिसायला लागले. बैल बिचारे सरळच चालत होते, मीच त्यांना आड ओढत होतो. धुऱ्यावरून बायको ओरडली, "अहो, तण काढून रायले का कपाशी?" मागे वळून पाहिलं तर चांगली वीत-वीत वाढलेली दहा-बारा झाडं आडवी पडलेली. तेव्हा एक गंमत लक्षात आली. उजवा डोळा झाकला की तास एक, डावा झाकला तरी एक, दोन्ही उघडे ठेवले की दोन. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हेच मोठं लक्षण आहे. एक डोळा झाकल्यावर जोडचित्र जात असेल तर बहुतेक वेळा दोष डोळ्याच्या भिंगात नसतो, दोन्ही डोळ्यांच्या हालचालींचा मेळ बिघडलेला असतो. मी मात्र आधी चष्मा केला. मग अर्धशिशीच्या गोळ्या खाल्ल्या. बरेच दिवस त्यात गेले.

तुझ्या आईची गाठ जिथे आहे ती जागा समजून घे, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. नाकाच्या अगदी मागे, डोक्याच्या मधोमध एक पोकळ हाड असतं, ते स्फेनॉइड सायनस. घरातल्या बिनखिडकीच्या कोठीसारखं. त्याच्या छतावर हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी बसलेली. बाजूच्या भिंतीला लागून नजरेची नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी. तिथेच कॅव्हर्नस सायनस, म्हणजे रक्ताची एक जागा, आणि तिच्यातून डोळा फिरवणाऱ्या, पापणी उचलणाऱ्या, गालाला स्पर्श देणाऱ्या नसा जातात. म्हणून या कोठीत काहीही वाढलं, ट्यूमर असो, बुरशी असो की टीबी, तक्रारी सारख्याच येतात. पापणी पडते, दोन दिसतात, गाल बधिर होतो. नसेला काय कळतं कोण दाबतंय ते?

माझ्या एमआरआयवरही मेनिन्जिओमाच लिहिलं होतं. कवटी उघडायची तारीख पोळ्यानंतरची मिळाली. तोवर सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड. बारा दिवस मी राजा होतो. डोकं उतरलं, भूक अशी लागली की सकाळी दोन भाकरी खाऊन परत दहाला ताट मागायचो. गोळ्या कमी केल्या आणि पोळ्याच्या दिवशी उजवी पापणी पूर्ण पडली. बैलांची पूजा एका डोळ्यानं केली.

भरती झालो तेव्हा एक निवासी डॉक्टरीण होती, माझ्या पोरीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिने आधीचा साधा सीटी स्कॅन मागवला. तो दुसऱ्याच कामासाठी काढला होता आणि बायकोनं पिशवीत घडी करून ठेवला होता. पोरीनं फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, "काका, नाकातून कधी काळे-तपकिरी खडे पडले का?" पडले होते. मी धूळ समजत होतो.

तिने मला दाखवलं ते अजून डोळ्यासमोर आहे. एमआरआयच्या टी-टू नावाच्या चित्रात गाठीचा मधला भाग गडद काळा होता, जणू तिथे नुसती हवा आहे. सीटीत बरोबर त्याच जागी पांढरे शुभ्र ठिपके, कपाशीत चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे. तिनं सांगितलं की बुरशीच्या गोळ्यात लोह, मँगनीज, कॅल्शियम साचतं. त्यामुळे सीटीत ती उजळते आणि एमआरआयमध्ये काळी पडते. मात्र मेनिन्जिओमाही कधी कधी तसाच गडद दिसू शकतो, त्यातही कॅल्शियम असू शकतं. म्हणून तिनं लगेच बुरशी म्हटलं नाही. म्हणाली, "फोटोवरून भांडू नका, तुकडा काढू." हे वाक्य मला कोणी आधी म्हटलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. म्हणून मामांना सांग, गाठ पसरेल या भीतीनं तुकडा न काढणं म्हणजे माती न तपासता खत टाकणं. तू खतवाला आहेस, तुला कळेल.

नाकातून दुर्बीण गेली. भूल पूर्ण देतात, तोंडावर टाका नाही, फक्त दोन दिवस नाकात कापूस. सर्जननी नंतर सांगितलं की बाहेरचं भिजवलेल्या ढेपेसारखं निघालं, काळपट आणि कुसकरणारं. आतलं मात्र ओल्या खोबऱ्यासारखं चिवट, हाडाला धरून बसलेलं.

आता माझी तक्रार ऐक, कारण यात तुझं काम आहे. काढलेला सगळा माल फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला गेला. कोणाची चूक, मी भांडलो नाही, रात्रीचे आठ वाजले होते आणि सगळे थकलेले होते. पण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. मग ती प्लेटवर उगवायची कशी? सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे बारीक गोळे, दिसले. रिपोर्ट आला : टीबी असू शकतो. आपल्या भागात ग्रॅन्युलोमा म्हटलं की टीबीच आधी आठवतो, त्यात नवल नाही. मला टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवडे लघवी लाल झाली, डोकं तसंच.

त्याच पोरीनं पॅथॉलॉजीत जाऊन त्याच तुकड्यावर बुरशीचे खास रंग करून घेतले. त्या रंगात बुरशीचे धागे काळे उठतात. उठले. मग दुसऱ्यांदा दुर्बीण घालून थोडा ताजा तुकडा साध्या सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला पाठवला. दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा उपाशी, दुसऱ्यांदा भावानं गावाहून चाळीस हजार घेऊन येणं. हे सगळं एका बाटलीमुळे. म्हणून तुकडा काढायच्या आदल्या दिवशी नम्रपणे विचार : "डॉक्टर, थोडा तुकडा सलाइनमध्ये कल्चरला जाईल ना? केओएच होईल ना?" केओएच म्हणजे तुकडा एका द्रावणात विरघळवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. ते त्याच दिवशी कळतं. कल्चर म्हणजे बुरशी प्लेटवर उगवून बघणं, त्याला काही दिवस ते काही आठवडे लागतात.

पाचव्या दिवशी लॅबमधल्या पोरानं मला प्लेटचा फोटो मोबाईलवर दाखवला. पिवळसर-हिरवी, मखमलीसारखी. मी म्हटलं, "हे तर मी ओळखतो. पावसात भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगेवर हेच चढते." तो हसला. एस्परजिलस फ्लेव्हस. शेंगा, मका, सरकी यांच्यावर वाढणारी, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करणारी तीच. १७२९ साली एका इटालियन पाद्र्यानं हे नाव दिलं म्हणे, सूक्ष्मदर्शकात ती चर्चमधल्या पवित्र पाणी शिंपडायच्या कुंचल्यासारखी दिसली म्हणून. आपला माणूस असता तर कुंचल्याऐवजी खराटा म्हटला असता.

मग माझ्या मनात आलं की कुटाराच्या गंजीनं घात केला. मळणीयंत्रावर उभा असतो, जनावरांना कुटार टाकतो, नाकात धूळ जाणारच. डॉक्टर म्हणाले, ही धूळ सगळं गाव खातं, गंजीला दोष देऊन काही निघणार नाही. मात्र हा आजार उष्ण, कोरड्या आणि शेतीच्या भागांत जास्त दिसतो. सुदान, पाकिस्तान, आपला देश, या ठिकाणचे रुग्ण त्यांच्या पुस्तकातही आहेत. आणि यात साखर नसलेली, धडधाकट माणसंही असतात, हे तुझ्या आईच्या बाबतीत लक्षात ठेव. "साखर नाही म्हणजे बुरशी नाही" असं तुला कोणी म्हणेल, ते खरं नाही. मी गंजीजवळ जाताना आता शेला बांधतो, बस.

औषध व्होरिकोनाझोल. २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, उपाशीपोटी, जेवणाआधी किंवा जेवणानंतर एक तास सोडून. सकाळी सहाला गोळी घ्यायची आणि सातपर्यंत चहाकडे पाहत बसायचं. पहिल्या आठवड्यात गोळी घेतल्यावर अर्धा तास भिंती चमकायच्या, बल्बभोवती रंग दिसायचे. मला वाटलं आता नजरही गेली. ते या औषधाचंच असतं आणि आपोआप ओसरतं. उन्हाचं मात्र मनावर घे. तुरीच्या कापणीला चार दिवस बांधावर उभा राहिलो तर तोंड भाजल्यासारखं झालं, कातडी निघाली. आईला वेचणीला अजिबात पाठवू नको, पदरानं भागत नाही. लिव्हरची रक्ततपासणी नियमित. आणि रक्तातलं औषधाचं प्रमाणही मोजतात. माझं पहिल्यांदा फारच कमी आलं. कारण? टीबीच्या त्या तीन आठवड्यांतलं रिफाम्पिसिन. लघवी लाल करणारी तीच गोळी लिव्हरला असं चेकाळवते की व्होरिकोनाझोल अंगात टिकतच नाही. बंद केल्यावरही काही दिवस तिचा असर राहतो. दोन्ही एकत्र द्यायचीच नसतात. आईला कोणी आधी टीबीचं औषध सुरू केलं तर नवीन डॉक्टरांना सगळ्यात आधी ते सांग.

मी नऊ महिने गोळ्या घेतल्या. चौथ्या महिन्यात एका सकाळी बायको म्हणाली, "तुमचा डोळा हसून रायला." पापणी उघडत होती. उजवीकडे टोकाला पाहिलं तर अजूनही दोन दिसतं. डवरणीला मी एक डोळा बारीक करतो आणि बैल मला समजून घेतात.

नाकाची_ओपीडी :

मी विदर्भातल्याच एका मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभागात आहे. दिग्रसच्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलं, आमचे काही विद्यार्थी एवढं नीट सांगत नाहीत. थोडं माझ्याकडून.

ही २०२१ ची काळी बुरशी नाही, निदान तुमच्या वर्णनावरून तशी वाटत नाही. ती काळी बुरशी, म्हणजे म्युकर, काही दिवसांत पसरते, नाकात काळी खपली दिसते, रुग्णाची साखर अनेकदा हाताबाहेर असते. तुमच्या आईचं दुखणं दिवाळीपासून हळूहळू वाढलंय. एस्परजिलसचा सावकाश वाढणारा प्रकार असा महिनोन्महिने चालतो. दोन्ही बुरशींचे धागे सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळे दिसतात. म्युकरचे धागे रुंद, वेडेवाकडे, पडदे जवळपास नसलेले. एस्परजिलसचे बारीक, मध्ये पडदे असलेले, साधारण ४५ अंशांत फुटणारे.

स्टेरॉइडबद्दल गोंधळ होतो कारण बुरशीच्या सायनसचा एक ॲलर्जीचा प्रकार आहे, त्यात आम्ही स्वतःच स्टेरॉइड देतो. पण ऊतींमध्ये घुसणाऱ्या प्रकारात बुरशीचं औषध न देता नुसतं स्टेरॉइड दिलं तर सूज उतरते, रुग्णाला बरं वाटतं आणि खाली बुरशी मोकळी वाढते. तुमच्याकडे तेच झालं असावं. शिवाय स्टेरॉइडनं लिम्फोमासारखी (हा एक कॅन्सर) गाठ तात्पुरती आक्रसते आणि मग तुकड्यातही नीट सापडत नाही. म्हणून तुकडा निघेपर्यंत परत गोळ्या सुरू करू नका. पण घेत असाल तर स्वतःच्या मनानं एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

तुकड्याआधी रक्तवाहिन्यांचं चित्र झालंय का ते विचारा. या जागेत कधी कधी रोहिणीचा फुगा असतो आणि तोही गाठीसारखा दिसतो. त्याला चिमटा लावणं जिवावर बेतू शकतं. हे तपासूनच दुर्बीण घालतात. अशा तुकड्यानं मेनिन्जिओमा अंगभर पसरेल ही भीती मात्र सोडा.

ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही. नातीला खुशाल कुशीत घेऊ द्या.

एकच घाई : आईची नजर मंद होत असेल, म्हणजे रंग फिके दिसणं, समोर धुरकट, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. पापणी आणि जोडचित्र पुष्कळदा सुधारतं. दाबली गेलेली नजरेची नस जास्त दिवस वाट पाहत नाही.

रिसोडची_ताई :

माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहिते. मोठ्या बाबांना २०२१ च्या पावसाळ्यात असंच डोळ्यामागे आलं. कोरोना होऊन दीड महिना झाला होता. तेव्हा सगळीकडे बुरशी-बुरशी चाललं होतं, त्यामुळे तुकडा न काढताच बुरशीचं इंजेक्शन सुरू केलं. ते मिळवायला माझा भाऊ रात्रभर अकोला-अमरावती फिरला. सहा आठवडे तेच. किडनीचं क्रिएटिनिन वाढलं, पोटॅशियम खाली गेलं, गाठ मात्र होती तिथेच. शेवटी मुंबईत तुकडा काढला तर लिम्फोमा निघाला. केमो घेतली. आज मोठे बाबा अंगणात बसून पोरांना रागावतात, चांगले आहेत. पण ते सहा आठवडे आणि ती किडनी फुकट गेली.

तेव्हा बुरशी ट्यूमरसारखी दिसते तसा ट्यूमरही बुरशीसारखा दिसतो. वरच्या काकांची गोष्ट वाचून "आपलीपण बुरशीच असेल" असं धरून बसू नका. मनातून सगळ्यांना बुरशीच हवी असते, कारण कॅन्सर नको असतो. आम्हालाही हवी होती.

डवरणीवाला_दिग्रस :

ताई बरोबर बोलल्या. माझ्यामुळे कोणी बुरशीवर नवस बोलू नये.

दादा, पैशाचं राहिलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. ऑपरेशन झाल्यावर गेलास तर हात हलवत परत येशील. रेशनकार्डावर आईचं नाव आहे का ते आजच पहा, माझं कार्ड वडिलांच्या नावावरच अडकलेलं होतं आणि तहसीलच्या तीन चकरा झाल्या. योजनेत सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधं मिळतात. व्होरिकोनाझोल महिनोन्महिने लागतं, ते खिशातून. चार दुकानांत भाव विचार. मला एकाच चौकात एकाच गोळीचे दोन भाव मिळाले, एक दुसऱ्याच्या दुप्पट. जेनेरिक घे, पण कंपनी सारखी बदलू नको, आणि बदललीस तर डॉक्टरांना सांग.

आर्वीचा_दुकानदार :

सगळ्यांचे आभार. मामांना दिग्रसच्या काकांची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. कपाशी आडवी पाडल्याच्या ठिकाणी ते हसले आणि मग गप्प बसले. रात्री म्हणाले, "काढू दे तुकडा."

काल दुर्बीण झाली. आधी रक्तवाहिन्यांचा स्कॅन केला, फुगा नाही. मी आदल्या दिवशी सलाइनचं विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही लॅबमध्ये आहात का?" मी म्हटलं, "नाही, खताच्या दुकानात." पण डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं की दोन बाटल्या करा. एकीवर लाल मार्करनं फॉर्मॅलिन लिहिलं होतं, दुसरीवर सलाइन. सलाइनची घेऊन मी स्वतः लिफ्टची वाट न पाहता तीन मजले पायऱ्यांनी मायक्रोबायोलॉजीत गेलो. छोट्या बाटलीत तुरीच्या डाळीएवढे चार तुकडे होते. एवढ्यासाठी एवढं.

संध्याकाळी केओएचचा निरोप आला : धागे दिसले, बारीक, पडदे असलेले. पक्का रिपोर्ट आणि कल्चर यायचे आहेत, त्यामुळे ताई, मी अजून काही धरून बसलेलो नाही. गोळी आज सकाळी सुरू झाली. आईला चहासाठी एक तास थांबायला सांगितलं तर म्हणाली, "एवढं मोठं ऑपरेशन सोसलं, पण हे नाई सोसत."

नजर ठीक आहे. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं वाचून दाखवते. सध्या दोन कॅलेंडरं दिसतात, पण तारीख बरोबर सांगते.

डवरणीवाला_दिग्रस :

भिंत चमकली तर घाबरू नको म्हणून आईला आजच सांगून ठेव, नाहीतर रात्री सिस्टरला उठवाल. प्लेट उगवली की फोटो टाक. पिवळी-हिरवी आली तर मी ओळखतो. आणि वार्ड कोणता ते सांग, परवा तपासणीला येतोच आहे, येताना भाकरी अन् ठेचा घेऊन येतो. रुग्णालयाचं वरण मी चांगलं ओळखतो.